बॉल बाहेर मारायचा नाही

तो चिखलात पालथा पडला होता आणि खेळ चालूच होता.

तोंड मातीत, एक हात पोटाखाली दबलेला, बुटांचे खिळे वर. मैदानात बावीस माणसं होती. बाकीची सगळी बॉलच्या नादात, आणि पंचही. आमच्या बाजूला गोल मारायची संधी आली होती, म्हणून सगळा गलका लांबच्या टोकाला. मी रेषेबाहेर घडीच्या खुर्चीवर बसले होते, मांडीवर भडंगाचा डबा. उठून ओरडले, "अहो, माणूस पडलाय!" मराठीतच ओरडले. घाईत दुसरी भाषा येत नाही.

आमचा गोलकीपर फिजीचा होता, बस चालवायचा, हिंदी बोलायचा. तो गोलात उभा राहून म्हणाला, "आंटी, बैठ जाओ. उठेगा. उनका ही रूल है."

रूल होता हे खरं, आणि त्या पडलेल्या माणसानेच घातलेला. फुटबॉलमध्ये एक रीत आहे. कुणी लागून पडला, तर ज्याच्या पायात बॉल असेल तो मुद्दाम बॉल रेषेबाहेर मारतो. खेळ थांबतो, पडलेल्याला बघता येतं. मग समोरची बाजू बॉल आत टाकताना तो परत देऊन टाकते. हे कुठल्या नियमाच्या पुस्तकात नाही, माणुसकीचं आहे. या माणसाने टीमला बजावून ठेवलं होतं: मी पडलो तर बॉल बाहेर मारायचा नाही. मेलो तरी नाही. टीम त्याचं ऐकायची. त्याचं सगळेच ऐकायचे, मी सोडून.

हा आमचा घरमालक. न्यूझीलंडात, ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात, पुढच्या घरात आम्ही भाड्याने राहायचो, मुलगा, सून आणि मी. मागच्या दोन खोल्यांत तो एकटा. मुलगा कॉम्प्युटरवाला, सून बँकेत. दोघं सकाळी गेली की त्या आवारात दोनच माणसं उरायची. माझं शिक्षण चौथी. इंग्रजी मी या माणसाशी भांडून शिकले.

पहिल्याच सकाळी त्याने कुंपणापाशी उभं राहून मला विचारलं, "ऑलराइट, लव्ह?" मी दार लावून घेतलं. संध्याकाळी मुलाला सांगितलं, घर बदल.

"आई, तो इंग्लंडच्या उत्तरेकडचा आहे. तिकडे बसचा कंडक्टरसुद्धा असंच म्हणतो."

"मग कंडक्टरला म्हणावं. मी साठी उलटलेली बाई आहे."

सून हसून हसून खाली बसली. दुसऱ्या दिवशी मुलाने त्याला काय सांगितलं कोण जाणे, तो मला "मिसेस" म्हणू लागला. आठवडाभर. मग पुन्हा लव्ह. मीही सोडून दिलं.

सोळाव्या वर्षापासून अडतिसाव्यापर्यंत तो इंग्लंडात फुटबॉल खेळून पोट भरत होता. टीव्हीवर दिसतं ते फुटबॉल नव्हे. तिथे तेव्हा एकाखाली एक चार थर असत, हा तिसऱ्या-चौथ्या थरातला. बावीस वर्षांत सात टीम झाल्या, वरच्या थरात एकदाही गेला नाही. जागा कायम मधली. पुढचे गोल मारतात, मागचे अडवतात, आणि मधला इकडून घेतो, तिकडे देतो आणि दिवसभर पळतो. "मधल्या माणसाचं नाव दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, तर समजायचं त्याने काहीतरी घाण केली," असं तो म्हणायचा.

"बावीस वर्षांत गोल किती मारले?" मी विचारलं.

"अकरा. त्यातला एक ढुंगणाने."

अडतिसाव्या वर्षी इथल्या एका क्लबने बोलावलं म्हणून ऑकलंडला आला. दोन वर्षांत क्लबचं काम सुटलं, पण हा परत गेला नाही. घरं रंगवायला शिकला. आम्ही आलो तेव्हा तो सत्तावन्नचा होता, आठवड्यातले चार दिवस शिडीवर आणि रविवारी मैदानात. पस्तिशीच्या वरच्यांची एक स्पर्धा असते, तीत खेळायचा. टीममधले बाकीचे त्याची मुलं शोभतील अशा वयाचे.

त्याचे गुडघे बघून मला कोल्हापूरच्या पैलवानांचे कान आठवायचे. आकार म्हणून काही उरला नव्हता. त्याच्या दाराला पाच लाकडी पायऱ्या होत्या. त्या तो उलटा उतरायचा, शिडी उतरतात तसा, तोंड दाराकडे आणि पाठ आवाराकडे. हातात चहाचा कप असला तरी. "गुडघ्यांना कळत नाही आपण उतरतोय ते," म्हणायचा. पोस्टमन त्याला पाठमोऱ्यालाच पत्रं द्यायचा. पण रविवारी तोच माणूस दीड तास पळायचा. कसा, ते डॉक्टरलाही सांगता आलं नसतं. तो डॉक्टरकडे जायचाच नाही.

त्याचं औषध म्हणजे एक बादली, गार पाणी आणि एक मोठा पिवळा स्पंज. त्याच्या काळी खेळाडू पडला की एक माणूस बादली घेऊन पळत यायचा आणि मानेवर, गुडघ्यावर, जिथे असेल तिथे गार स्पंज दाबायचा. एवढाच दवाखाना. एकदा माझ्या पायावर कढईतलं तेल सांडलं. मी ओरडले तसा तो उलटा पायऱ्या उतरून बादली घेऊन आला आणि न विचारता माझा पाय बादलीत घातला. बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग म्हणाला, "आता पळून काढ."

"काय?"

"दुखणं. पळ म्हणजे जातं."

सुनेला ताप आला तेव्हाही त्याने हेच सांगितलं. सून म्हणाली, "आई, याला सांगा, मी पळून माहेरी जाईन." त्याचं दुखण्याचं ज्ञान एवढंच. स्पंज लावा आणि पळा.

मेथीवरून आमचं मोठं भांडण झालं. मागे त्याने हिरवळ राखली होती, इतकी बारीक कापलेली की तिच्यावरून चालायला लाज वाटावी. रोज सकाळी तो टाच दाबत तिच्यावरून फिरायचा, पाणी कुठे मुरतंय ते बघायचा. मॅचच्या आधी मैदानावरही असाच फिरायचा. मला वाटलं, एवढी जमीन नुसती गवताला? कुंपणाच्या कडेने दोन हात रुंद खणून मी मेथी आणि मिरची लावली. त्याला विचारलं नाही. संध्याकाळी तो कामावरून आला आणि वाफ्याशी उभा राहिला.

"ही माझी डावी रेषा आहे," तो म्हणाला.

"ही माझी मेथी आहे."

तो आत गेला आणि रंगाचा डबा, ब्रश घेऊन आला. मला वाटलं, आता रोपं उपटतो. त्याने गुडघ्यावर बसून, कण्हत कण्हत, मेथीच्या अलीकडे गवतावर सरळ पांढरी रेघ ओढली. सूतभरही चुकली नाही. "इथवर तुमचं. रेघेच्या आत आलात तर फाउल." पाच वर्षं आम्ही ती रेघ पाळली. मेथीची भाजी मात्र तो वाटीभर घ्यायचा, भाकरीबरोबर नाही, पांढऱ्या ब्रेडमध्ये घालून.

फुटबॉल मला नवीन नव्हतं. माहेर आणि सासर दोन्ही कोल्हापूरच्या पेठांतलं. तिथे तालमींच्या टीम असतात आणि मॅच हरली तर त्या रात्री गल्लीत कुणी नीट जेवत नाही. बाया तेव्हा मैदानावर जात नसत. आम्ही घरात बसून नुसत्या ओरड्यावरून ओळखायचो, गोल कुणी मारला. हे मी त्याला सांगितलं तर त्याला पटेना.

"इंडियात क्रिकेट ना?"

"क्रिकेट बाकीच्यांचं. आमचं हेच."

त्यावर तो म्हणाला, "मग रविवारी काय करता?" मी म्हटलं, मुलगा-सून पापाटोएटोच्या देशी दुकानांत सामान आणायला जातात आणि मी तूर डाळ कुठली घ्यायची यावरचं त्यांचं भांडण ऐकते. पुढच्या रविवारी त्याने रंगाच्या डब्यांनी भरलेल्या व्हॅनमध्ये माझ्यासाठी जागा केली. साडी, त्यावर मुलाचं जाकीट, पायात गमबूट, अशी मी चार वर्षं त्या टीमच्या मॅचेस बघितल्या. हाफटाइमला ते संत्र्याच्या फोडी खायचे. मी भडंग करून न्यायला लागले, लसूण घालून, कोल्हापुरी. तिखटाने नाकं गळायची, पण डबा रिकामा व्हायचा. समोरच्या टीमचेही येऊन मूठ मारायचे.

त्याचा खेळ बघायला गेलं तर बघण्यासारखा नव्हताच. बॉल त्याच्याकडे आला की लगेच गेलेला असायचा. "दे आणि हल," हे त्याचं वाक्य. ते तो सगळ्यालाच लावायचा. मुलगा नोकरी बदलू की नको म्हणून सहा महिने घोळत होता. हा कुंपणावरून म्हणाला, "पायात ठेवून उभा राहिलास की कुणीतरी लाथ घालणारच. दे आणि हल." मुलाने नोकरी बदलली. चांगलं झालं.

आणि एका गोष्टीचा त्याला ताठा होता. शेवटची शिट्टी वाजायच्या आत त्याने कधी मैदान सोडलं नव्हतं. नाक मोडलं, खांदा निखळला, एकदा कपाळाला बाकावर बसून टाके घातले आणि परत आत. त्याला कुणी बदललं नाही, उचलून नेलं नाही. सांगताना आवाज चढायचा नाही, पण दर वेळी सांगायचा.

तो रूल कुठून आला ते त्याने मला एकदाच सांगितलं. मी मिरच्या खुडत होते, तो रेघेच्या पलीकडे बूट पुसत होता. मीच विचारलं, "पडल्यावर थांबू नका म्हणता, हा काय हट्ट?"

तो म्हणाला, तिकडे एक स्पर्धा असते, तीत खालच्या थरातल्या टीमला वरच्या टीमशी खेळायला मिळतं. त्याच्या टीमला एकदा मिळालं. मोठं मैदान, माणसांनी भरलेलं. बरोबरी होती आणि थोडी मिनिटं उरली होती. बरोबरी म्हणजे जिंकल्यासारखंच. कुणीतरी याच्या पोटरीवर लाथ मारली, हा पडला. बॉल याच्या दोस्ताकडे होता. दोघं पाच वर्षं एका खोलीत राहिलेले. दोस्ताने याला पडलेला बघितलं आणि बॉल बाहेर मारला. रिवाजाप्रमाणे समोरच्यांनी तो परत द्यायला हवा होता. त्यांनी दिला नाही, गोल मारला.

"मग तुमची काय चूक?"

"मी उठू शकत होतो." तो बूट पुसतच होता. "फार लागलं नव्हतं. दोन श्वास घ्यावेसे वाटले म्हणून पडून राहिलो."

"आणि दोस्त?"

"सगळ्यांनी त्याला शिव्या घातल्या. मॅनेजरने, गावाने. उन्हाळ्यात त्याला काढून टाकलं. पुढे कुठे घेतलं नाही कुणी."

"तुम्ही सांगितलं नाही, मी उठू शकत होतो म्हणून?"

"नाही."

"सांगायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. तेवढंच. तीस वर्षं झाली होती त्याला.

तर तो रविवार. सकाळपासून पाऊस होता. व्हॅनमध्ये तो सारखा डावा जबडा चोळत होता.

"दाढ?" मी विचारलं.

"असेल. हात पण जड वाटतोय. काल छत रंगवलं."

"मग नका खेळू."

"पळालं की जाईल."

मी गप्प बसले. ही माझी चूक, आणि मी ती दुसऱ्यांदा केली. माझा नवरा फाउंड्रीत कामाला होता. एका सकाळी खांदा दुखतोय म्हणाला. मी बाम चोळला, डबा भरून दिला. दुपारी त्याला घरी आणलं ते चौघांनी उचलून.

दुसरा हाफ अर्धा झाला असेल. त्याने बॉल पुढे दिला. दिला आणि हलला नाही. दोन पावलं टाकली आणि तसाच तोंडावर गेला, हात पुढे न करता. धक्का लागलेला माणूस असा पडत नाही. तो हात टेकतो. चार वर्षांत मी त्याला एकदाही जमिनीवर पडलेला बघितला नव्हता. मला कळलं. कळायला शाळा लागत नाही.

गोलकीपरला मी म्हणाले, "रूल गया चूल्हे में," आणि भडंगाचा डबा टाकून मैदानात शिरले.

त्याच्याकडे गेले नाही. मी जाऊन काय केलं असतं? त्याचं अंग मला उलथवलंही नसतं. मला तो खेळ थांबवायचा होता. त्या एकवीस माणसांत कुणाला तरी काहीतरी येत असेल, पण बॉल फिरत होता तोवर कुणी वळून बघणार नव्हतं. आमच्या फॉरवर्डने, एक चाळिशीतला प्लंबर होता, मारलेला बॉल समोरच्या कुणाच्या तरी पायाला लागून परत मधल्या भागात आला, माझ्याच दिशेने, चिखलातून घसटत. मी तो दोन्ही हातांनी उचलला. समोरचे दोघं पळत आले. "आंटी, नो! आंटी!" एकाने हात पुढे केला. मी बॉल पदरात गुंडाळला आणि खाली बसले, त्या बॉलवरच. चिखलात. आता घ्या.

पंच शिट्टी फुंकत आला, लालबुंद. "मॅडम, यू कांट..."

मी हात लांब करून दाखवलं. तेव्हा कुठे सगळ्यांच्या माना वळल्या.

समोरच्या टीममधला एक धिप्पाड माणूस पळाला, सामोआ बेटांवरचा. तो आगीच्या बंबावर काम करायचा, हे मला मागून कळलं. त्याने याला एका हाताने उताणा केला, तोंडातला चिखल बोटाने काढला आणि छाती दाबायला लागला. मोठ्याने मोजत होता. थकला की दुसरा, मग परत तो. छातीचं हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. गोलकीपर माझ्याशेजारी उभा राहून रडत होता. "आंटी, मैंने बोला बैठ जाओ." मी म्हटलं, "बोला ना. अब फोन करो." फोन कुणीतरी केलाच होता. अँब्युलन्स मैदानातून गवत फाडत आली. त्याला आत घेईपर्यंत मी बॉलवरून उठले नाही. उठवलं तेव्हा गुडघे धरले होते, तिघांना ओढावं लागलं.

तीन दिवस तो शुद्धीवर नव्हता. मुलगा मला रोज घेऊन जायचा. चौथ्या दिवशी गेलो तर डोळे उघडे होते. 

"बॉल कुठे होता?" आवाज घोगरा.

"माझ्याकडे."

"त्याच्या आधी."

"तुमच्या माणसाच्या पायात. मारला, पण लागून परत आला."

त्याने डोळे मिटले. "हँडबॉल."

"होय. वर बसले पण."

"तुम्हाला हक्क नव्हता, लव्ह. रूल आहे."

"रूल तुमचा, टीम तुमची. मी टीममध्ये नाही. मला लागू नाही."

मुलगा मध्ये पडला, "आई, आत्ता नको." मी म्हटलं, "आत्ताच. परत झोपला तर?"

तो हसला नाही. गोलकीपरही आला होता. त्याची समजूत काढायला तो म्हणाला, की पंचाने मॅच तिथेच संपवली आणि शिट्टी वाजली तेव्हा तो मैदानातच होता. म्हणजे शिट्टीच्या आधी बाहेर गेला असं होत नाही. त्याने भिंतीकडे तोंड केलं. "ती शिट्टी मॅचची नव्हती," म्हणाला.

मग दारात तो प्लंबर दिसला. याने बॉल दिला तो त्यालाच, आणि त्याने पडलेला बघूनही बाहेर मारला नव्हता. त्या रविवारपासून कुणी त्याच्याशी धड बोललं नव्हतं, असं गोलकीपर म्हणत होता. बायकोसुद्धा विचारायची, तू बघितलंस ना, मग? तो दाराशीच उभा राहिला, हातात द्राक्षांची पिशवी.

घरमालकाने त्याला आत बोलावलं नाही. तिथूनच बोलला, त्या मोडलेल्या छातीतून जमेल तेवढ्या मोठ्याने, वॉर्डातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मी सांगितलं तेच तू केलंस. चूक माझी. ज्याला बोलायचंय त्याने माझ्याकडे यावं." मग धाप लागली. नर्स पळत आली आणि आम्हाला सगळ्यांना बाहेर काढलं. द्राक्षं माझ्याच हातात राहिली. आम्ही कॉरिडॉरमध्ये खाल्ली.

त्यानंतर तो मैदानात उतरला नाही. माझ्याशी दोन महिने बोलला नाही, फक्त मान हलवायचा. मग एक दिवस कुंपणावरून ब्रेडचे दोन तुकडे पुढे केले आणि मेथी मागितली. आम्ही पुढे पापाटोएटोला स्वतःचं घर घेतलं. तो तिथेच आहे. पायऱ्या अजून उलटाच उतरतो, असं सून परवा बघून आली.

तो वाचला. तेव्हा तो एकसष्टचा होता आणि मी सत्तर. आता तो चौसष्टचा आहे आणि मी त्र्याहत्तर.